अल ख्वारिझ्मी ‘ज्ञानाचा हमाल’ होता काय?

धागाकर्ती : काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, बगदादच्या विद्वानांनी भारतीय अंक युरोपात पोहोचवले एवढेच त्यांचे कर्तृत्व असून ते केवळ ज्ञानाचे हमाल होते. मी २० वर्षे गणित शिकवते आहे. हे वाक्य वाचून मला गप्प बसवले नाही. वर्गसमीकरणे शिकवताना नवव्या शतकातील बगदादचा गणिती अल ख्वारिझ्मी याचे उदाहरण मी फळ्यावर मांडते : एका संख्येचा वर्ग आणि तिची १० पट मिळून ३९. त्या संख्येएवढ्या बाजूचा चौरस काढायचा, त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीचे आयत जोडायचे आणि कोपऱ्यात रिकामी राहिलेली २५ ची जागा भरायची. ३९ व २५ मिळून ६४, म्हणून मोठ्या चौरसाची बाजू ८ आणि उत्तर ३. ‘पूर्ण वर्ग करणे’ म्हणजे काय, ते मुलांना त्या कोपऱ्यात डोळ्यांनी दिसते. अशी सिद्धता मांडणाऱ्याला हमाल म्हणणे अन्यायाचे आहे.

मूळ लेखक : तो शब्द माझाच आहे. भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम दिले होते. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनीही अल ख्वारिझ्मी ऋण संख्या टाळतो, म्हणून त्याला समीकरणांचे सहा प्रकार पाडावे लागतात आणि आपल्या उदाहरणाचे उणे १३ हे दुसरे उत्तर तो देत नाही. शाळेत आम्हाला ‘अरबी अंक’ असेच शिकवले. मी उभा राहून ‘हे अंक आपले आहेत’ म्हणालो, तेव्हा गुरुजींनी मला वर्गाबाहेर काढले. तो अपमान मी आजही विसरलेलो नाही.

तिसरा सदस्य : आपला राग गुरुजींवरचा आहे, तो अरबांवर काढू नका. अल ख्वारिझ्मीने हिंदू गणनपद्धतीवरच ग्रंथ लिहिला. ‘अरबी अंक’ हे नाव युरोपियनांचे. त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा शब्दही पाहा. संस्कृत ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राचा घोळ, असा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचे ‘सायनस’ झाले.

मूळ लेखक : म्हणजे शब्दही आमचाच निघाला!

तिसरा सदस्य : शब्द आपला, हे मान्य, परंतु त्रिकोणमितीला खगोलशास्त्रापासून वेगळे करून स्वतंत्र विषय म्हणून तिची मांडणी तेराव्या शतकात इराणी गणिती नसीरुद्दीन तुसीने केली, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य करा.

मूळ लेखक : आणि तो दुसरा विद्वान, अल बिरूनी? तो तर गझनीच्या महमूदाच्या पदरी होता. ज्यांनी आमची विद्याकेंद्रे उद्ध्वस्त केली, त्यांच्या आश्रिताचे गोडवे मी गाणार नाही.

धागाकर्ती : त्याच अल बिरूनीने संस्कृत शिकून सुमारे १०३० साली भारतावर ग्रंथ लिहिला. महमूदाने या देशाची समृद्धी धुळीस मिळवली आणि त्यामुळेच हिंदूंच्या विद्या जिंकलेल्या प्रदेशांतून दूर काश्मीर व वाराणसीकडे निघून गेल्या, हे त्यात त्याने स्पष्ट नोंदवले आहे. आपण ज्याबद्दल संतापला आहात, त्याची साक्ष त्यानेच देऊन ठेवली आहे.

मूळ लेखक : ही नोंद मला ठाऊक नव्हती. ‘हमाल’ हा शब्द मी मागे घेतो. महमूदाविषयीचे मत मात्र घेणार नाही. आणि बाई, आपल्या फळ्यावर त्या उदाहरणाशेजारी उणे १३ आणि ब्रह्मगुप्ताचे नावही लिहीत जा.