प्रति: पीसी असताना कन्सोल कशाला?

'घरात पीसी असताना कन्सोल म्हणजे पैसे पाण्यात' हे काय पटलं नाय राव. पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) भारतात फेब्रुवारी २०२१ मधे आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता, त्यात आठ कोरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, एसएसडी सगळं आलं, आणि त्याच वर्षी क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डांचे भाव असे चढवून ठेवले होते की नुसतं बरं कार्ड घ्यायचं म्हटलं तरी खिसा रिकामा, बाकी डबा वेगळाच. ऑनलाइन खेळायला पीएस प्लसचे, म्हणजे सोनीच्या सबस्क्रिप्शनचे, पैसे भरावे लागतात (फुकट खेळता येणाऱ्या गेम्स सोडून), पीसीवर ती भानगड नाही, स्टीमचे (पीसी गेम्स विकणारं ऑनलाइन दुकान) सेलही भारी असतात, मान्य. पण डिस्क खेळून झाली की विकता तरी येते, स्टीमवरची गेम कोणाला विकणार?

एक्सक्लुझिव्हचं, म्हणजे फक्त कन्सोलवरच मिळणाऱ्या गेम्सचं, कारण मात्र आता लंगडं झालंय, प्लेस्टेशनचा २०१८ चा गॉड ऑफ वॉर २०२२ ला पीसीवर आलाच की. उलट जीटीए ५ ही गेम कन्सोलवर २०१३ ला आली, तिच्यासाठी पीसीवाले थेट २०१५ पर्यंत ताटकळले होते. ज्याच्याकडे कामापुरता लॅपटॉप आहे आणि हॉलमधे टीव्ही आहे त्याने उगाच गेमिंग पीसीच्या नादी लागू नये. फक्त ते डिस्क नसलेलं मॉडेल घेऊ नका.