मदत हवी आहे : संरक्षण आदेशासाठी अर्ज कधी करावा?

नमस्कार. माझ्या मामेबहिणीसाठी विचारतेय, ती सांगलीकडे असते. नवरा रोज मारत नाही, म्हणून घरचे "अजून थोडं सांभाळून घे" म्हणतात. पण तिचा पगार तो काढून घेतो, एटीएम कार्ड त्याच्याच पाकिटात असतं, आणि परवा लेकीसमोर तिचा गळा धरला. गळ्यापर्यंत हात गेल्यावर थांबायचं कशासाठी? मला तर तिच्या जिवाची भीती वाटते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, धमकी, पैशांची अडवणूक हीसुद्धा हिंसाच धरली आहे. कलम २३ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही अंतरिम (तात्पुरता) आदेश देऊ शकतात, असं वाचलं. तिला घर सोडायचं नाही, लेकीची शाळा तिथेच आहे. कलम १९ चा निवासाचा आदेश सोबतच मागता येतो ना?

ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगा, आधी संरक्षण अधिकाऱ्यांकडे (या कायद्याखाली मदतीसाठी नेमलेले अधिकारी) जावं की वकिलामार्फत थेट कोर्टात? गळ्यावरचे वळ फिके पडत चाललेत, तरी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी का? आणि त्याला नोटीस पोचेल ते दिवस तिने कुठे काढावेत? तो तिचा फोन तपासतो, त्यामुळे जे काही सांगायचं ते मलाच सांगा.