बोअरमागची जागा (सोसायटीचा ग्रुप, जुळे सोलापूर)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. बोअरच्या मागची ३० बाय १२ फुटांची जागा मृगाआधी साफ करून घेतोय. काटेरी झुडपं काढून लॉन आणि भिंतीलगत कोनोकार्पसची झाडं. माळ्यानं २८ हजार सांगितलेत. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

ए-१०१ काका: मंजूर.

सी-२०४: लॉनला पाणी कुणी घालायचं ओ? नळाला तीन-चार दिवसाआड पाणी. मागच्या महिन्यात टँकर आणला ते विसरलात काय?

बी-३०२: माझी हरकत आहे. ती काटेरी झुडपं नाहीत, तरवड आहे. त्याला काटाच नसतो. कुणी लावला नाही, कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, तरी मे महिन्यात हिरवागार होता. आपल्या लॉनचं मे महिन्यात काय होतं ते गेटजवळ बघून या.

सी-२०४: तरवड म्हणजे नवरात्रात घटाला माळ करतो तोच?

बी-३०२: तोच.

ए-२०२: आमच्याकडं तेलुगूत त्याला तंगेडु म्हणतात. नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे फुलांचे थर, रचायला हेच फूल लागतं. दरवर्षी मी बाजारातून विकत आणते आणि इथं घरामागंच आहे, बघा की! काढू नका ओ.

ए-१०१ काका: सण ठीक आहे. पण झुडपं वाढली की साप येणार. लहान पोरं खेळतात तिथं.

बी-३०२: काका, साप उंदरामागं येतो आणि उंदीर कचऱ्याच्या पिपामागं. तिथल्या फुटक्या फरश्या, विटांचे ढीग उचला, मी स्वतः येते उचलायला. आणि कोनोकार्पसवर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली. मुळं ड्रेनेजमध्ये शिरतात, परागानं सर्दी-दम्याचा त्रास होतो म्हणून. आपली ड्रेनेज लाईन त्याच भिंतीखालून जाते. मागं चेंबर तुंबला तेव्हा काय झालं, ए विंगला विचारा.

ए-१०१ काका: विचारू नका.

ए-३०४: काल तिथं व्हिडिओ काढलाय, आवाज मोठा करून ऐका. काळा भुंगा उडताना घुंघुं करतोय आणि फुलावर बसला की आवाज एकदम बारीक, चिरका. काय करलालाय बे हा? (सॉरी, 'बे' चुकून आलं, मित्रांच्या ग्रुपची सवय.)

बी-३०२: छान टिपलंस. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसता पराग, तोही पुंकेसरात बंद. टोकाला बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. भुंगा फूल घट्ट धरतो, पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. तो चिरका आवाज त्या थरथरीचा. मधमाशीला हे जमत नाही. वांगी-टोमॅटोची फुलंही अशीच.

सी-२०४: म्हणून माझ्या गच्चीवरची वांगी धरत नाहीत होय?

बी-३०२: असेलही. फवारा किती वेळा मारता?

सी-२०४: आठवड्याला.

बी-३०२: मग.

ए-१०३: फवाऱ्यावरून आठवलं. माझ्या गुलाबाची पानं कडेनं गोल गोल कापलेली आहेत, अगदी कात्रीनं कापल्यासारखी. कुठलं औषध मारू?

बी-३०२: काहीच नको. ती पानकापी माशी. तुकडा नेऊन भोकात सुरळी करते, आत पराग भरून अंडं घालते. झाडाला काही होत नाही. कूलरच्या स्टँडचा पोकळ पाइप बघा.

ए-१०३: अगं बाई! खरंच हिरव्या सुरळ्या आहेत. मी कचरा समजून तार घालून काढत होते.

ए-१०१ काका: मग आग्या मोहोळालाही आमंत्रण द्या! टाकीखालचं विसरलात वाटतं.

बी-३०२: नाही विसरले. आग्याची भीती खरी आहे, तिथं खेळ नाही. पण रात्री टेंभा लावून ते जाळलं, तेव्हा मी गप्प बसले, ते अजून टोचतं. भुंगा, पानकापी मात्र एकेकट्या राहतात. राखायला मोहोळच नाही, त्यामुळं सहसा कुणाच्या अंगावर येत नाहीत.

बी-१०२: भावाची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. बहाराच्या वेळी तो मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतो. आणि आपण फुकट आलेल्यांना हाकलायला २८ हजार मोजायचे?

सी-१०१: माझ्याकडं घाणेरीची रोपं आहेत. फुलपाखरं भरपूर येतात. देऊ का?

बी-३०२: येतात, पण ती अमेरिकेकडून आलेली आहे, मोकळं रान सगळं गिळते. नको.

ए-३०४: झेंडू पण मेक्सिकोचाच आहे की, ताई.

बी-३०२: झेंडूला दसऱ्यापुरती माफी.

सेक्रेटरी: मीटिंगला मांडायचं तर नेमकं काय करायचं, ते लिहा.

बी-३०२: तरवड आहे तिथंच राहू द्या. वाटेच्या बाजूला अडुळसा, कोरांटी, तुळस. एक शेवगा, भुंग्यांना आवडतो आणि शेंगा आपल्याला. रुई फक्त लांबच्या कोपऱ्यात, कारण चीक डोळ्यात गेला तर वाईट. पण ते केशरी फुलपाखरू, पंखांच्या टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके, त्याच्या अळ्या रुईची पानं खातात. पानं कुरतडलेली दिसणार, तेव्हा माळ्याला फोन करायचा नाही. कढीपत्त्यावर चिमणीच्या विष्ठेसारखी अळी दिसली तरी तेच. भिंतीकडची हातभर माती उघडी ठेवा, पेव्हर ब्लॉक नको, काही माश्या जमिनीत बिळं करतात. पाणी अजिबात लागत नाही असं मी म्हणणार नाही. नव्या रोपांना पहिली दोन वर्षं लागेल. आपल्याकडं खरा जोर सप्टेंबरच्या पावसाचा, तोवर तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवा. तरवडाचं बी टणक असतं, रात्रभर गरम पाण्यात भिजवून टोकायचं.

ए-२०२: बी मी गोळा करते.

सेक्रेटरी: ठीक. माळ्याला थांबवतो. रविवारी १० वाजता सगळे मागं या. लॉनचं तिथंच बघू.

ए-१०१ काका: येतो. पण फरश्या मी उचलणार नाही, कंबर धरलीय. चहाचं माझ्याकडं.

सी-२०४: नळाला पाणी आलंय! बी विंगची मोटार कुणीतरी चालू करा, लवकर.