मदत हवी आहे: डिप्रेशनची गोळी बदलतोय, मिस्टर फौंड्रीत भट्टीवर असतात, अनुभव असेल तर सांगा

नमस्कार. मिस्टरांची व्हेनलाफॅक्सिन बंद करून मिर्टाझापिन चालू करायची असं डॉक्टरांनी ठरवलंय. एकदम नाही, पहिली टप्प्याटप्प्यानं कमी करत दुसरी चालू करायची. ज्यांनी अशी गोळी बदललीय त्यांचे मधले आठवडे कसे गेले, आणि काम अंगमेहनतीचं, धोक्याचं असेल तर काय काय सांभाळलं, एवढं मला कळायला हवंय. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगून उपयोग नाही.

ते कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मेल्टिंगला आहेत. भट्टी, लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं), वितळलेलं लोखंड हे रोजचंच. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं जेवण सुटलं, पहाटे तीनलाच जाग यायची ती परत झोप नाही, सुट्टीदिवशी अंथरुणातनं उठायचे नाहीत, पोरीनं हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, मी नसलो तरी तुमचं बरंच चालेल. त्याच दिवशी मी माझ्या भावाला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. आधी एस्सिटालोप्राम होती, 10 आणि मग 20 मिलिग्रॅम, पण त्यानं पाहिजे तेवढा फरक पडला नाही. मग व्हेनलाफॅक्सिन 75, आणि पुढं 150.

आणि हे मी मुद्दाम सांगते, या गोळीनं ते उठले. महिना-दीड महिन्यात जेवायला लागले, पोरीला घेऊन रंकाळ्यावर गेले, दिवाळीला स्वतः किल्ला करायला बसले. म्हणून गोळीच वाईट असं माझं म्हणणं नाही. त्रास आहे तो वेगळा.

एक म्हणजे घाम. भट्टीपुढं घाम येणारच, पण आता घरी पंख्याखाली बसून उशी ओली होते. दुसरं बीपी, आधी कधीच नव्हतं, आता सारखं वर लागतंय, डॉक्टर म्हणाले डोस वाढला की या गोळीनं बीपी चढू शकतं. तिसरं सगळ्यात वाईट. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला फिरते, फर्स्ट, सेकंड, नाईट, त्यामुळं गोळीची वेळ मागंपुढं होते. ही गोळी शरीरातनं लवकर उतरते म्हणे. उशीर झाला की डोकं हलवल्यावर आत करंट मारल्यासारखं होतं, चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते. घरात असताना ठीक आहे हो, पण लॅडलजवळ उभा असलेल्या माणसाला चक्कर येऊन चालतं का? नाईटला गेले की मला झोप लागत नाही.

आणखी एक, आमच्या दोघांच्यातलं. गोळी चालू झाल्यापासून ते जवळजवळ थांबलंय आणि ते स्वतःलाच दोष देत बसतात. डॉक्टरांसमोर ते बोलेनात म्हणून मीच विषय काढला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, हा गोळीचा परिणाम आहे, बऱ्याच जणांना होतो, मिर्टाझापिनमध्ये हे कमी असतं. ते ऐकून यांच्या चेहऱ्यावर किती बरं वाटलं ते मी बघितलं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी प्लीज डॉक्टरांना सांगा, लाजून गप्प बसू नका.

आता अडचण अशी की मिर्टाझापिननं झोप येते, ती रात्री घ्यायची असते. मग नाईट शिफ्टला काय करायचं? सकाळी घरी येऊन घेतली तर चालते का, गुंगी दुपारपर्यंत राहते का? वजन वाढतं हे खरं का? आणि कारखान्यात सांगावं का? त्यांना भीती आहे की वेड्याच्या गोळ्या खातो म्हणून नाव पडेल.

घरात सासूबाई म्हणतात आता बरा झालाय तर सगळंच बंद करा, अमावास्येला आदमापूरला जाऊन येऊ. जाऊ की, मी सुद्धा येणार, बाळूमामांवर माझीही श्रद्धा आहे. पण गोळी चालू ठेवून जाऊ. गेल्या पावसाळ्यातला माणूस मी बघितलाय, मला तो परत बघायचा नाही. आम्हाला गोळी सोडायची नाहीये, सोसेल अशी गोळी पाहिजे, एवढंच.

—

पन्हाळ्याचा_वारा:
वहिनी, मी स्वतः व्हेनलाफॅक्सिनवरनं मिर्टाझापिनवर आलोय. खरं सांगतो, 150 वरनं 75 ला काही वाटलं नाही, 75 वरनं 37.5 आणि तिथनं शून्य, हाच टप्पा अवघड गेला. करंट, विचित्र स्वप्नं, उगंच डोळ्यात पाणी. मला वाटलं आजार परत आला. डॉक्टरांनी समजावलं की गोळी कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच असं व्हायला लागलं, सोबत चक्कर-मळमळ असली, तर तो बहुतेक गोळी सुटण्याचा त्रास असतो, आजार परतायचा तर सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी डोकं वर काढतो. मग त्यांनी तो टप्पा लांबवला आणि जमलं. म्हणून घाई नको, डॉक्टरांना सांगून ठेवा की त्रास झाला तर मधेच थांबू. मिर्टाझापिनची झोप मला पहिले आठ-दहा दिवस जड होती, सकाळी गाडी चालवत नव्हतो. भूक मात्र भयंकर लागते, वजन वाढलं माझं, रात्री उशिरा खाणं बंद केल्यावर जरा आटोक्यात आलं.

मेडिकलवाला_शाहूपुरी:
ताई, काउंटरवर रोज बघतो म्हणून लिहितो. व्हेनलाफॅक्सिनची कॅप्सूल सावकाश सुटणारी असेल तर ती चावायची नाही, कुटायची नाही, आणि डोस कमी करायचा म्हणून आतले दाणे मनानं मोजून काढायचे नाहीत, 37.5 ची मिळते ती डॉक्टरांकडनं लिहून घ्या. जेवणाबरोबर द्या. दोन्ही गोळ्या एकत्र चालू असतील त्या दिवसांत दुसरं कुठलंही औषध घेताना आम्हाला आणि डॉक्टरांना दोन्ही नावं सांगा. फौंड्रीतली माणसं अंगदुखीला ट्रॅमाडॉल असलेली गोळी मागतात, ती यात नको. खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते पण नको. ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी व्हेनलाफॅक्सिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दारू पूर्ण बंद, मिर्टाझापिनवर दारू म्हणजे गुंगी दुप्पट.

आक्का_सिस्टर (रिटायर्ड):
बाळ, नवऱ्याला वेळेवर नेलंस, फार चांगलं केलंस. आता काही खुणा लक्षात ठेव. दोन्ही गोळ्या चालू असताना ताप, अंग थरथरणं, स्नायू उडणं, जुलाब, एकदम सैरभैर होणं असं एकत्र दिसलं तर वाट न बघता कॅज्युअल्टीला न्यायचं, आपलं सरकारी सीपीआर हॉस्पिटल रात्री पण उघडं असतं. मिर्टाझापिन चालू झाल्यावर घसा दुखून ताप आला, तोंडात फोड आले तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यायचं, पांढऱ्या पेशी कमी होणं क्वचित असतं पण होतं. आणि तो घामाघूम होतो म्हणतेस, या गोळ्यांनी काहींचं सोडियम उतरतं. डोकं दुखतंय, गोळे येतायत, बोलणं गोंधळतंय असं झालं तर रक्तातलं सोडियम तपासून घे. बीपी घरीच वहीत लिहून ठेव.

आणि तो जे म्हणाला होता ना, तुमचं बरंच चालेल, तसलं काही परत बोलला किंवा गोळी बदलताना एकदम बेचैन झाला तर एकटा सोडायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्री-अपरात्री टेली मानस आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
वहिनी, मी पण एमआयडीसीतलाच. सुपरवायझरला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. डॉक्टरांकडनं एवढंच लिहून घ्या की औषध बदल चालू आहे, काही आठवडे नाईट आणि भट्टीजवळचं काम देऊ नये. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 प्रमाणं आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क पेशंटला आहे. पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर सिकनेस बेनिफिट बघा, पात्र असाल तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात, सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांकडनंच घ्या. एका भावाचं मत म्हणून ऐका, चक्कर येत असताना लॅडलवर उभं राहायचं नाही. आठवडाभराचा पगार गेला तर गेला.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, आक्का तुमचं वाचून रडूच आलं. तुमचे सगळे प्रतिसाद यांना वाचून दाखवले. पन्हाळ्याच्या भाऊंचं वाचल्यावर म्हणाले, म्हणजे असं दुसऱ्याला पण झालंय. बराच वेळ मोबाईल हातात घेऊन तेच परत परत वाचत होते.

डॉक्टरांना फोन केला. 37.5 चा टप्पा लांबवायला ते तयार आहेत, आणि म्हणाले मिर्टाझापिन कमी डोसवर पण झोप आणते, म्हणून सुरुवात सुट्टीच्या आदल्या रात्री करायची, बदल पूर्ण होईपर्यंत नाईट करायची नाही. तसं पत्र देतायत, आजाराचं नाव न घालता. ईएसआयचं कार्ड आहे आमचं, भाऊ उद्या चौकशी करून येतोय. बीपीची वही आजपासून चालू केली. सासूबाईंना मेडिकलवाल्या दादांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, त्या एवढंच म्हणाल्या, मग गोळीची वेळ मी बघते, तू नोकरीवर असतीस.

एक राहिलं. मिर्टाझापिन घेऊन कुणी पुढं परत फिरत्या शिफ्टला गेलंय का, आणि नाईटच्या आठवड्यात गोळीची वेळ कशी बसवली? तेवढं कुणाला माहीत असेल तर लिहा की.