मदत हवी आहे: एकच ओटा, गव्हाचं पीठ आणि सिलिअ‍ॅक असलेली मुलगी

मुलीला सिलिअ‍ॅक आहे (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार), बायोप्सीने निदान होऊन आठ महिने झाले. घरात बाकी चौघं गहू खातात आणि ओटा एकच. चाळणी, लाकडी चमचे, कटिंग बोर्ड, टोस्टर, घासायचा स्पंज, लोण्याची बरणी, सगळं तिचं वेगळं केलंय. तिचा स्वयंपाक आधी होतो. ओट्सही ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच, म्हणजे २० पीपीएमच्या (किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनच्या) आतले.

तरी परवाच्या रक्त तपासणीत टीटीजी (या आजारात वाढणारी अँटिबॉडी) उतरलेलं असलं तरी नॉर्मल नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभरही लागू शकतं, पण घरात ग्लूटेन कुठून जातंय ते शोधा. काल वरच्या फळीवरच्या तिच्या डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं, तर पांढरा थर आला! पीठ खालीच चाळलं जातं, उडून तिथे बसत असणार. मला खरंच धास्ती बसलीय.

सगळ्यांनी गहू सोडणं सध्या शक्य नाही, वेगळी खोलीही नाही. तापवल्याने ग्लूटेन जात नाही, त्यामुळे तो उपाय कृपया सुचवू नका.

ज्यांच्या घरी असंच आहे त्यांनी सांगा: बिडाची जुनी कढई घासून वापरता की सरळ नवी घेतलीत? आणि मुख्य म्हणजे, पीठ चाळणं-मळणं कुठे करता, त्यानंतर किती वेळाने ग्लूटेन-फ्री स्वयंपाकाला ओटा घेता?