पॉवर कंडिशनरवर पैसे घालण्याआधी स्पीकरमधला हम (घूं असा आवाज) कुठून येतोय ते बघा

सोल्डरगन:
काल 'रसिक' यांनी लिहिलं की अँपसाठी (अँप्लिफायरसाठी) साठ हजारांचा पॉवर कंडिशनर, म्हणजे मेन्सची वीज गाळून देणारा डबा, आणि वर जाडजूड पॉवर केबल घेतली आणि "तानपुऱ्याची जवार पहिल्यांदा मोकळी ऐकू आली". खाली चौघांनी लगेच दुकान विचारलं. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, आवाज कसला येत होता हे तरी कुणी विचारलं का? ५० हर्ट्झचा जाड हम असेल तर बहुतेक वेळा ग्राउंड लूप (दोन अर्थमधून फिरणारा करंट) असतो, आणि १०० हर्ट्झची खरखरीत गुरगुर असेल तर आधी अँपमधले फिल्टर कपॅसिटर (आतली वीज सपाट करणारे) बघायचे, जुन्या अँपमध्ये ते सुकतात. ती गुरगुर अँपच्या पोटात तयार होते, तिथे बाहेरचा डबा काय करणार?

तपासायची पद्धत साधी आहे. अँप बंद करून सगळी इनपुट काढा, फक्त स्पीकर ठेवा, चालू करा. हम गेला तर अँप ठीक आहे, घोळ जोडणीत आहे. मग एकेक आरसीए (ऑडिओ सिग्नलची केबल) परत लावत जा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत निम्म्या वेळा सेट-टॉप बॉक्सची कोअॅक्स (डिशकडून येणारी गोल केबल) निघते. ती गच्चीवर कुठेतरी अर्थ झालेली, अँप भिंतीतल्या पिनेतून अर्थ झालेला, दोन अर्थच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक, आणि त्या फरकाचा करंट तुमच्या आरसीएच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) फिरतो. कोअॅक्सवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावला, जो सिग्नल जाऊ देतो पण धातूची जोडणी तोडतो, की संपलं.

आणि त्या कंडिशनरच्या आत असतं काय? चोक (तारेचं वेटोळं), फेज-न्यूट्रलमध्ये एक्स कपॅसिटर, आणि दोन्हीपासून अर्थला वाय कपॅसिटर. वायवाले लाइनवरचा कचरा अर्थमध्ये टाकतात. घरात अर्थच नसेल तर तो कचरा धातूच्या बॉडीवर येऊन बसतो, मेन्सच्या निम्मा, साधारण ११५ व्होल्ट. बॉडीवरून बोटं फिरवली की झिणझिण्या येतात ना, त्या याच.

रसिक:
तुम्ही माझ्या घरी येऊन ऐकलंय का? दादरची जुनी बिल्डिंग, खाली लिफ्टची मोटर, शेजारी सगळीकडे एलईडी. रात्री अकरानंतर आवाज सुधारतो आणि संध्याकाळी बिघडतो, हे लाइनमुळे नाही तर कशामुळे? संध्याकाळी तर अँपचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच घुमायला लागतो, स्पीकर बंद असले तरी. मी किशोरीताईंची रेकॉर्डिंग्ज लहानपणापासून ऐकतोय, कानाला कळतं. प्रत्येक गोष्ट मल्टिमीटरवर दिसलीच पाहिजे असं नसतं.

सोल्डरगन:
ट्रान्सफॉर्मर घुमतो हे आधी का नाही सांगितलंत? तो वेगळा आजार. लाइनवर थोडा डीसी (एकाच दिशेचा करंट) चढला की टोरॉइड (अँपमधला कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याचा लोखंडी कोअर चुंबकत्वाने भरून जातो, त्याच्या कोअरला गॅप नसते त्यामुळे काही शे मिलिव्होल्टसुद्धा पुरतात. कुणीतरी हेअर ड्रायर हाफ स्पीडवर चालवला, त्यात नुसता डायोड असतो, तो अर्धीच सायकल ओढतो, झालं. त्यावर डीसी ब्लॉकर लागतो, दोन मोठे कपॅसिटर आणि डायोडचा एक ब्रिज. तुमच्या कंडिशनरमध्ये तो असेल तर तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण तो एकटा साठ हजारांचा नसतो.

मधुवंती:
दोघांचं भांडण वाचून मी आमच्या घरी जे केलं ते सांगते. मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर घ्यायचा, स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि घरभर फिरवायचा. आमच्याकडे हॉलच्या पंख्याच्या रेग्युलेटरजवळ तो अक्षरशः किंचाळला. फिरवायचा नॉबवाला होता, ट्रायॅकचा, साइन वेव्ह कापणारा. त्या जागी कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवला, रेडिओ गप्प आणि फोनोमधली (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटमधली) चरचरही गेली. दुसरा आवाज बेडरूमच्या स्वस्त एलईडी पट्टीच्या ड्रायव्हरमधून येत होता. यात कंडिशनर कुठेच आला नाही.

मांडववाला:
एवढं कशाला? अर्थची पिन काढून टाका, हम जातो. मी कित्येक गणपतीत साउंड लावलाय, जनरेटर, डिमरचे लाइट, सगळं एकाच ठिकाणी, आणि साउंड मिक्सरला अर्थ तोडला की शांत. प्रॅक्टिकल माणसं अशीच काम करतात.

वायरिंगकाका:
मांडववाले, हे वाक्य इथून काढा. कुणीतरी वाचून खरंच करेल. अँपच्या आत फेज सुटून बॉडीला लागला तर अर्थ नसल्यावर ती बॉडी २३० व्होल्टवर उभी राहणार आणि पहिला हात लावेल तो अर्थ होणार. माझ्या मावसभावाला असाच मिक्सरवरून शॉक बसला, पावसात, हातात माइक, उजवा हात आठवडाभर उचलत नव्हता. तो वाचला म्हणून आम्ही आज बोलतोय. हम काढायचा तर सिग्नलच्या बाजूने काढा, ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा (धातूची जोडणी न ठेवता सिग्नल पुढे देणारा), बॅलन्स्ड केबल वापरा (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी शील्ड असलेली). मेन्सची अर्थ तोडायची नाही, कधीच नाही.

मांडववाला:
शॉक कुणालाही बसतो काका, वायरिंग नीट नसेल तर. आमच्यावर ओरडू नका. मांडवात जनरेटरवाला अर्थचा रॉड ठोकतच नाही, मग आम्ही काय करायचं ते सांगा. ट्रान्सफॉर्मरवाली डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला बॅलन्स्ड करून देणारी डबी) मीही वापरतो, पण प्रत्येक चॅनलला देणार कुठून?

वायरिंगकाका:
रॉड ठोकायला लावायचा, नाही ठोकला तर साउंड चालू करायचा नाही. मंडळाला सांगायची हिंमत हवी.

जांभाघर:
अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर. आमचं घर रत्नागिरीकडे, जांभ्यावर. बिल्डरच्या माणसाने पाइप पुरला, मीठ-कोळसा टाकला, निघून गेला, मे महिन्यात अर्थ नावालाही नव्हता. शेवटी मी ऑडिओसाठी मागच्या अंगणात वेगळा रॉड मारला, अँपची अर्थ फक्त तिकडे, घराच्या अर्थला जोडलेली नाही. आवाज एकदम स्वच्छ. सगळ्यांना हेच सांगतो.

वायरिंगकाका:
हे तर पिन कापण्याहून वाईट, कारण अर्थ आहे असं वाटतं. हिशेब करा. जांभ्यात त्या रॉडचा रेझिस्टन्स समजा २० ओहम, आणि उन्हाळ्यात तेवढा चांगलाही मिळणार नाही. फॉल्ट झाला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. तुमचा १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला उडणारा स्विच) त्यावर कधीच उडणार नाही, आरामात बॉडीवर व्होल्टेज ठेवून बसेल. शिवाय जवळ वीज पडली तर दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक, आणि तो तुमच्या आरसीएमधून जाणार. आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) वाचा, सगळे इलेक्ट्रोड (जमिनीतले रॉड-पाइप) एकमेकांना जोडायचे असतात.

जांभाघर:
माझ्याकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की उडणारा स्विच) आहे. साडेअकरा अँपिअर कशाला, ३० मिलिअँपिअरला उडेल. तुमचा हिशेब एमसीबीपुरता.

वायरिंगकाका:
आरसीसीबी असेल तर हो, उडेल. हे मान्य. पण टेस्टचं बटण शेवटचं कधी दाबलंत? माणसं आरसीसीबी बसवतात आणि अधूनमधून उडतो म्हणून बायपास करून ठेवतात. आणि विजेच्या मुद्द्याला तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

जांभाघर:
बटण दाबतो. विजेचा मुद्दा... ठीक, पावसाळ्याआधी दोन्ही जाड वायरने जोडतो. हम परत आला तर तुम्हाला सांगणार.

काळीमाती:
जांभाघर, मीठ-कोळशाचा नाद सोडा. मिठाने जीआय पाइप खातो, काही वर्षांनी खाली नुसता गंज राहतो. आमच्या सोलापूरकडे काळ्या मातीत ओल टिकते म्हणून अर्थ लागतो, तुमच्याकडे खोल बोअर आणि बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) लागेल. आणि उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घाला, ते तरी कुणी करतं का?

सोल्डरगन:
धागा अंगणात गेला. रसिक, तुम्ही इनपुट काढून बघितलं का?

रसिक:
बघितलं. कोअॅक्स काढली की अर्ध्याहून जास्त हम गेला, एवढं मान्य करतो. कंडिशनर मात्र मी विकणार नाही, ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं त्यानेच थांबली आहे. आणि मल्टिमीटर आणलाच तर सांगतो: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ १९४, न्यूट्रल-अर्थ ३८.

वायरिंगकाका:
थांबा. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. ३८ म्हणजे तुमच्या सॉकेटची अर्थ कुठेतरी तुटलेली आहे किंवा लागलेलीच नाही. अँप आणि कंडिशनर दोन्ही प्लगमधून काढा, तोवर बॉडीला हात लावू नका. वायरमन बोलवा आणि फेज-अर्थमध्ये १०० वॉटचा टेस्ट लॅम्प त्यालाच लावायला सांगा, स्वतः करू नका. मल्टिमीटर नुसत्या लोंबकळत्या वायरवरही आकडा दाखवतो, लॅम्प खोटं बोलत नाही. आरसीसीबी असेल आणि अर्थ शाबूत असेल तर लॅम्प लावताच आरसीसीबी उडेल, तो शुभशकुन समजा. लॅम्प मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर मेन बोर्डापासून नवीन अर्थ वायर ओढून घ्या.

रसिक:
दोन्ही काढले. सोसायटीचा वायरमन उद्या सकाळी येतोय.