मदत हवी आहे: पावसापाण्यात सव्वादोन वर्षांच्या मुलाला गाड्या बघायला कसं न्यायचं?

बोगदा
नमस्कार मंडळी,

मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. डोळे उघडले की पहिला शब्द 'गाडी'. गाडी म्हणजे आगगाडीच; मोटारी, बस, विमान यांना त्याच्या लेखी काडीची किंमत नाही. हवा चांगली असली की काहीच प्रश्न नसतो. फलाटाच्या मागच्या टोकाला बाकावर बसायचं नाहीतर कुंपणाच्या अलीकडे उभं राहायचं. दोन-चार गाड्या गेल्या की स्वारी खूश आणि दुपारची झोपही छान लागते.

खरी अडचण पाऊस, बोचरा वारा, धुकं असलं की सुरू होते. बाहेर धो धो कोसळत असतं आणि हा उलटसुलट गमबूट घालून दाराशी उभा: 'चऽल'. नेलं तर रेनकोटची टोपी डोळ्यांवर घसरते, काही दिसत नाही म्हणून तो ती उपटून फेकतो. बाबागाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं की पाच मिनिटांत आतून वाफ धरते आणि गाडी येते नेमकी तेव्हाच याला पांढऱ्या धुरकट पडद्याशिवाय काही दिसत नाही. मग भोकाड. नाही नेलं तर घरात भोकाड. सासूबाई म्हणतात, असल्या हवेत पोराला बाहेर काढतं का कुणी. नवरा म्हणतो, ने की, काय विरघळतोय का. मला दोघांचंही पटतं, तीच पंचाईत.

कपडे काय घालावेत, छत्री की रेनकोट, उभं कुठे राहायचं, भोंग्याच्या आवाजाचं काय करायचं आणि कुठल्या हवेत सरळ 'आज नाही' म्हणायचं, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे. 'मोबाईलवर व्हिडिओ लावून द्या' हे उत्तर कृपया नको. लावणं सोपं आहे, बंद करताना जे रामायण होतं ते मी निस्तरते.

अवकाळी
कशाला एवढा घाट? वर्षभरात गाड्या विसरून डायनासोरच्या मागे लागेल. तोवर खिडकीतून पाऊस दाखवा. (हलके घ्या.)

बोगदा
खिडकीतून रूळ दिसत असते तर धागाच काढला नसता हो :)

पाटीपेन्सिल
बोगदाताई, आमच्याकडे हे वेड थोरल्याला होतं, आता धाकटीला आहे. जमेल तसं लिहिते.

टोपीचा इलाज अगदी साधा आहे. रेनकोटच्या टोपीच्या आत पुढे झडप असलेली कॅप घाला. झडपेमुळे टोपी कपाळाच्या वरच अडते, डोळे मोकळे राहतात आणि पाणीही चेहऱ्यावर येत नाही. टोपीला गळ्याशी नाड्या असतील तर काढून टाका, कुठेतरी अडकून ओढल्या जातात. इलॅस्टिकवाली बघा. या वयाला वेगळा कोट आणि वेगळी पँट नकोच, पायापासून गळ्यापर्यंतचा एकसंध रेनसूट घ्या. मुलं ओल्या फरशीवर बसकण मारतातच, तेव्हा कोट वर सरकतो आणि बूड भिजतं. आत सुती कपडे शक्यतो टाळा. सुती कापड ओलं झालं की पाणी धरून ठेवतं आणि अंगाला गार लागत राहतं. लोकर किंवा फ्लीस ओलसर झाली तरी थोडीफार ऊब देते.

आता एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. तुम्ही बाबागाडी ढकलत चालत असता, घामाघूम होता आणि वाटतं की थंडी नाहीये. आत बसलेलं मूल मात्र हलत नसतं. शिवाय वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे अंगातली ऊब लवकर जाते. म्हणून त्याला आपल्यापेक्षा एक थर जास्त. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, ते बऱ्याचदा गार असतातच. मानेमागे कॉलरच्या आत बोटं घालून बघा. तिथे गार लागलं की घरी. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. वाऱ्याचाही हिशेब धरा. पारा शून्यावर असताना ताशी ३० किमी वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे ६ अंशांच्या आसपास असल्यासारखं लागतं. फलाट बहुतेक दोन्ही टोकांना मोकळा, त्यामुळे गल्लीत न जाणवणारा वारा तिथे थेट अंगावर येतो.

कव्हरला वाफ धरते कारण हवा खेळत नाही. बाजूच्या खिडक्या, जाळी जे काही असेल ते उघडं ठेवा, आणि छपराखाली आलात की लगेच कव्हर काढा. आत हवा पटकन कोंडते आणि गरमही होतं. वरून शाल-चादर तर कधीच टाकू नका.

कपड्यांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे वाट बघणं. मुलाला पाऊस नकोसा होत नाही हो, गाडी नसलेली वीस मिनिटं नकोशी होतात. घरातून निघायच्या आधी ॲपवर गाडी खरंच कुठे आहे ते बघा. खराब हवेत वेळापत्रकावर विसंबू नका, गाड्या उशिरा धावतात. गाडी यायच्या चार-पाच मिनिटं आधी पोचा. एक थांबणारी गाडी आणि एक न थांबता धडधडत जाणारी अशी जोडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्यापलीकडे हाव धरू नका.

आणि निघायचं कसं, तेही सांगते. आमच्याकडे शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला की हात हलवायचा, 'टाटा लाल दिवा', आणि पाठ फिरवून चालू लागायचं. 'अजून एक बघू' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. पहिल्या एक-दोन खेपांना रडारड होते, मग दिवा दिसला की पोरगी स्वतःच वळते.

दुपारचीझोप
पाटीपेन्सिल यांना +१, लाल दिव्याची युक्ती ढापली आहे.

आवाजाचं मी लिहितो. कानात घालायचे बोळे या वयात नकोत, काढून तोंडात घालतात आणि घशात अडकू शकतात. बाहेरून लावायचे लहान मुलांचे इअरमफ घ्या. कामगारांसाठी धरला जाणारा हिशेब असा की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. हा मोठ्या माणसांचा हिशेब आहे, लहान कानांसाठी आणखी हात राखूनच वागावं. अमेरिकेत तर इंजिनाचा भोंगा १०० फुटांवर किमान ९६ आणि कमाल ११० डेसिबल असावा असा नियमच आहे. एखाद-दुसऱ्या भोंग्याने लगेच बहिरेपणा येत नाही. पण फाटकापाशी उभं राहू नका, तिथे प्रत्येक गाडी भोंगा देते.

पावसाळी हवेत एक गोची होते: लोक आधी कानटोपी घालतात आणि तिच्यावर मफ चढवतात. कापडामुळे मफ कानाभोवती नीट बसत नाही आणि निम्मा आवाज आत. क्रम असा ठेवा: आधी मफ उघड्या कानांवर, मग वरून रेनकोटची टोपी.

सांधेवाला
उभी हयात रेल्वेत गेली, म्हणून थोडं आगाऊपणे लिहितो. ताई, कपड्यांचं पोरी सांगतील, मी फलाटापुरतं बोलतो.

छत्री नको. पहिलं कारण वारा. गाडी वेगात जाते तेव्हा हवा सोबत ओढत नेते, आणि उघडी छत्री म्हणजे शीडच. तुमचा एक हात छत्रीत, एक बाबागाडीवर, आणि पोर सुटलं तर धरायला तिसरा हात आणणार कुठून? दुसरं कारण वरची तार. अनेक देशांत तिच्यात २५ हजार व्होल्ट असतात. एवढ्या दाबाला स्पर्शच व्हावा लागतो असं नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. पादचारी पुलावर उघडी छत्री, काठी, फुग्याची चकचकीत दोरी काहीही कठड्याबाहेर काढू नका.

बाबागाडी रुळांना समांतर उभी करायची, तोंड रुळांकडे करून नाही. ब्रेक लावलेला, मनगटात पट्टा, आणि पोराचा पट्टा बांधलेला. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून फलाटाला किंचित उतार असतो, कुठे मागे तर कुठे थेट रुळांच्या बाजूला. डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांना बरोबर कळतो. ओल्या फरशीवर तर जास्तच. मालगाडी संथ दिसते म्हणून लोक पुढे सरकतात, ते करू नका. सारख्याच वेगाच्या प्रवासी गाडीपेक्षा मालगाडीचा वारा जास्त ओढाळ असतो, कारण तिचं अंग सलग नसतं, खाचाखोचा आणि मोकळ्या जागा असतात.

आणखी एक. पावसात, उलट्या वाऱ्यात गाडी ऐकू येईल या भरवशावर राहू नका. विजेवरच्या गाड्या आधीच गुपचूप येतात, त्यात छपरावर पावसाचा ताशा वाजत असला की अगदी जवळ येईपर्यंत पत्ता लागत नाही. फलाटाच्या कडेला आखलेल्या पट्टीच्या बऱ्याच मागे, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

'आज नाही' केव्हा? गडगडाट ऐकू आला की. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, पण ती आकडेमोड घरात बसून करायची. ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचण्याइतकी जवळ आहे. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच. झाड, लोखंडी पूल, चहूबाजूंनी उघडी शेड याला आसरा समजू नका. वादळवाऱ्याचा इशारा असेल किंवा फलाटावर बर्फ धरला असेल तरी घरीच बरं. नुसत्या पावसाला आणि धुक्याला माझी ना नाही.

उलट खराब हवेत बघायला जास्त मिळतं. इंजिनाला वायपर असतात, हे पोरांना उन्हाच्या दिवशी कळणार कसं? लांबून दिव्याचा उजेड ओल्या रुळांवर पसरत येतो. भरधाव गाडीच्या मागे पाण्याचा फवारा उठतो. तारेवर दव किंवा बर्फ धरला असेल तर पेंटोग्राफपाशी, म्हणजे छपरावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्यापाशी, निळी ठिणगी उडते. धुक्यात चालकाला सिग्नल जवळ आल्याचं कळावं म्हणून रुळावर फटाके बसवतात, चाक त्यावरून गेलं की धडाम. ही युक्ती १८४१ ची, एडवर्ड काउपर नावाच्या इंग्रज अभियंत्याची.

बोगदा
सांधेवालाकाका, हे सगळं प्रिंट काढून सासूबाईंना दाखवणार आहे. नुसत्या पावसाला ना नाही हे वाक्य जाड ठशात.

मोटारीत बसून बघायचं कुणी करतं का? रस्ता रुळांना लागून जातो तिथे नीट थांबायला जागा आहे.

पाटीपेन्सिल
करतं की! गडगडाटाची धास्ती असेल तर सगळ्यात उत्तम. फक्त जाता-येता जाड जॅकेट घालून कारसीटचा पट्टा बांधू नका. फुगीर जॅकेट धक्क्याला दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा आवळा, वरून पांघरूण घाला. आणि थांबल्यावर काच थोडी खाली करा, नाहीतर परत वाफेचं तेच.

अवकाळी
घरीच बसायचं ठरलं तर: २००९ साली नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने बर्गन ते ऑस्लो हा अख्खा रेल्वेप्रवास सात तासांहून जास्त वेळ दाखवला होता. बहुतेक वेळ इंजिनातून दिसणारा रूळ. व्हिडिओ नको म्हणालात, माहीत आहे, आपलं सांगितलं.

दुपारचीझोप
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास बसून स्क्रीन, आणि कमी तितकं बरं. म्हणजे बर्गनहून निघालेल्या पोराला ऑस्लोला पोचायला आठवडा :)

आम्ही जमिनीवर कागदी चिकटपट्टीचे रूळ काढतो, खोकी वाघिणी (मालडबे) होतात, एक फाटक उशीचं. सर्वात मागच्या खोक्याला लाल कागद हवाच.

बोगदा
सगळ्यांचे आभार. कॅप आणि मफचा क्रम आजच करून बघितला, टोपी जागेवर राहिली! पाऊस होता, वारा नव्हता. थांबणारी गाडी आली तेव्हा वायपर दाखवला तर साहेब घरी येईपर्यंत हाताने डावीकडे-उजवीकडे करत होते. लाल दिव्याला मात्र टाटा केला आणि तरीही रडला. पाटीपेन्सिल म्हणतात तसं एक-दोन खेपा बघते.

काका, एक शंका. नवऱ्याने विचारलंय, ओल्या रुळावर लोखंडी चाकं घसरत नाहीत का?

सांधेवाला
घसरतात ना. आणि गंमत अशी की मुसळधार पावसापेक्षा नुसती भुरभुर जास्त वाईट. मोठ्या पावसात रूळ धुऊन निघतो, भुरभुरीत मात्र त्यावरची धूळ, तेल, गंज मिळून चिकट साय बसते. म्हणून इंजिनात वाळूची पेटी असते. चालक बटण दाबतो आणि चाकापुढे रुळावर वाळू पडते. पुढच्या वेळी गाडी थांबली की तुमच्या जागेवरूनच बघा, पुढच्या चाकासमोर रुळाच्या अगदी जवळ आलेली एक वाकडी नळी दिसेल. साहेबांना सांगा, इंजिन वाळू टाकतं. वाळू कळते त्या वयाला.